अल्पाइन लूप, कोलोरॅडो: सॅन हुआनच्या जुन्या खाणगावांतून जाणारा कच्चा घाटरस्ता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अल्पाइन लूप म्हणजे नेमका कोणता रस्ता?

कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला सॅन हुआन पर्वतरांगेत लेक सिटी, सिल्व्हर्टन आणि यूरे ही तीन जुनी खाणगावं आहेत. त्यांना जोडणारा सुमारे ६५ मैलांचा (१०५ किमी) डोंगरी वळसा म्हणजे अल्पाइन लूप. वाटेत दोन मोठ्या खिंडी लागतात: सिनॅमन पास (१२,६४० फूट) आणि इंजिनिअर पास (१२,८०० फूट). गावांजवळचा भाग खडीचा आणि बऱ्यापैकी सपाट आहे. खिंडींकडे जाताना मात्र तो अरुंद, दगडगोट्यांचा आणि एका बाजूला उघड्या दरीचा होतो. कठडे नाहीत, दिवे नाहीत, डांबर जवळपास नाहीच.

हा रस्ता पर्यटकांसाठी बांधलेला नाही. खनिज खाली उतरवायला आणि पीठ, कोळसा, स्फोटकं वर चढवायला खेचरं आणि घोडागाड्या जिथून जात, तीच ही वाट आहे. चढ इतका उभा का, वळण इतकं आखूड का, असं वाटलं की हे आठवावं. खाण जिथे होती तिथेच रस्ता नेणं भाग होतं, सोयीची जागा निवडायची मुभा कुणालाच नव्हती.

कोणती गाडी लागते? ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही चालेल का?

दोन्ही खिंडी ओलांडायच्या असतील तर फोर-व्हील ड्राइव्ह, लो रेंज गिअर (४एल, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर) आणि साडेआठ-नऊ इंचांचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची) हवा. नेहमीची ऑल-व्हील ड्राइव्ह एसयूव्ही कोरड्या दिवशी वर पोचतेही, पण अडचण चढण्यापेक्षा उतरण्यात आहे. लो रेंज नसेल तर इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, मग चालक सतत ब्रेकवर पाय ठेवतो. तीन-चार मैलांच्या उतारात ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर रुंद जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा आणि अर्धा तास तरी ब्रेक निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

चढावर दुसरा त्रास होतो. १२,८०० फुटांवर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद सुमारे एक तृतीयांश कमी होते. हाय रेंजमध्ये जोर लावला की ट्रान्समिशन तापतं. चढ सुरू होण्याआधी, सपाटीवर थांबून ४एल लावा. चढाच्या मध्यात अडकल्यावर लावू म्हटलं तर गाडी मागे सरकते.

साधी कार असेल तर निराश होऊ नका. सिल्व्हर्टन ते युरेका हे ओस गाव आठ मैल, लेक सिटी ते कॅपिटोल सिटी हे दुसरं ओस गाव नऊएक मैल आणि लेक सॅन क्रिस्टोबलच्या काठचा रस्ता कोरड्या हवेत साध्या कारनेही होतो.

भाड्याची गाडी नेता येते का?

विमानतळावर मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर नेण्यास मनाई असते. ते कलम मोडलं की विमा लागू होत नाही, आणि टोइंगचा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून जातो. सिल्व्हर्टन, यूरे आणि लेक सिटी या तिन्ही गावांत याच रस्त्यांसाठी जीप भाड्याने देणारे आहेत. गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी स्वतः तपासा: पूर्ण आकाराचं स्पेअर चाक आहे का, जॅक आणि पाना आहे का, चाकाच्या नटांना लॉक असेल तर त्याची किल्ली कुठे आहे, आणि ४एल कसं लावायचं. शेवटची गोष्ट विचारायला संकोच करू नका. गाडी देणाऱ्याला रोज शंभरदा विचारली जाते.

टायरमधली हवा कमी करावी का?

स्वतःच्या गाडीत छोटा कॉम्प्रेसर असेल तर जरूर करा. ३५ पीएसआयवरून २५ पर्यंत आणली की टायर दगडावर उड्या मारण्याऐवजी त्याला धरतो आणि अंगाला बसणारे धक्केही कमी होतात. २० च्या खाली मात्र नेऊ नका, टायर रिमवरून सुटू शकतो. डांबरावर येताच हवा परत भरा. मऊ टायर वेगात तापतो आणि बाजूने फाटतो. भाड्याची गाडी असेल तर आधी विचारा.

इथलं पंक्चर बहुधा खिळ्याने होत नाही, धारदार दगडाने टायरची बाजू कापली जाते, आणि तिथे ठिगळ चालत नाही. म्हणून स्पेअर चाकाला पर्याय नाही. जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट जाड फळी बरोबर घ्या. मोकळ्या खडीत जॅक नुसता रुततो.

रस्ता कधी उघडतो?

डोंगराळ काउंट्या मे महिन्यात बर्फ कापायला सुरुवात करतात. दोन्ही खिंडी साधारण मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत मोकळ्या होतात आणि ऑक्टोबरात पहिल्या मोठ्या बर्फाबरोबर बंद पडतात. निघायच्या आदल्या दिवशी बीएलएम (सार्वजनिक जमीन सांभाळणारं केंद्रीय खातं) किंवा काउंटीच्या रस्ते विभागाची ताजी सूचना पाहाच. जूनच्या सुरुवातीला एक खिंड उघडी आणि दुसरी बंद, असं अनेकदा असतं.

रानफुलांसाठी जुलैचा मध्य ते ऑगस्टची सुरुवात, पिवळ्या अ‍ॅस्पन झाडांसाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. आमच्या मते सप्टेंबर सरस. हवा स्वच्छ असते, दुपारची वादळं ओसरलेली असतात आणि गर्दीही कमी असते.

एका दिवसात होतो का?

होतो, सहा ते आठ तासांत. पण मग गाडीच चालवणं होतं, गावं बघणं होत नाही. दोन दिवस काढा. पहिल्या दिवशी सकाळी सातला सिल्व्हर्टन सोडा. युरेका, मग सिल्व्हर्टनपासून बारा मैलांवर अ‍ॅनिमस फोर्क्स हे ओस गाव. तिथे तासभर घालवा. दहाच्या सुमारास सिनॅमन पास, पलीकडे उतरून अमेरिकन बेसिन, नंतर लेक सॅन क्रिस्टोबल, आणि दोनच्या आत लेक सिटीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी लेक सिटीहून हेन्सन क्रीकच्या काठाने उट-उले खाण, कॅपिटोल सिटी, मग इंजिनिअर पास. तिथून उतरताना एक फाटा लागतो. डावीकडे अ‍ॅनिमस फोर्क्स, उजवीकडे यूरे. डावीकडेच वळा. उजवीकडचा रस्ता मिनरल क्रीकने उतरतो, आणि पूर्ण वळशातला सगळ्यात खडतर तुकडा तोच आहे. पायऱ्यांसारखे उभे खडक आहेत, गाडीचं पोट घासतं. सिल्व्हर्टनला परतून डांबरी रस्त्याने यूरेला जाणं लांबचं असलं तरी शहाणपणाचं.

नकाशात पॉकीप्सी गल्च नावाचा जवळचा रस्ता दिसेल. त्याच्या वाटेलाही जाऊ नका. तो खास बांधलेल्या गाड्यांचा आणि विंच (गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) वापरता येणाऱ्यांचा आहे.

दुपारच्या आत खिंड ओलांडा असं सगळे का सांगतात?

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी निळंशार असलेलं आकाश अकरा-बाराला भरून येतं आणि एक-दोनला वीज, गारा, पाऊस सुरू होतो. खिंडीवर झाड नाही, आडोसा नाही, तिथे सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. बंद छताची गाडी विजेपासून बरंच संरक्षण देते, उघडी जीप देत नाही. शिवाय पावसाने मातीचा भाग साबणासारखा होतो आणि वरच्या उतारावरचे दगड रस्त्यावर येतात.

समोरून गाडी आली तर?

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम. उतरणाऱ्याने मागे जाऊन रुंद जागेत थांबायचं. मात्र चढणाऱ्याच्या पाठीशीच रुंद जागा असेल आणि उतरणाऱ्याच्या मागे तीन गाड्या असतील, तर अक्कल नियमापेक्षा मोठी. म्हणून वर जाताना प्रत्येक रुंद जागा मनात नोंदवत जा, मागे यायची वेळ आली तर ती किती दूर आहे हे ठाऊक असतं. मागे घेताना सहप्रवाशाला खाली उतरवा. त्याने दरीच्या बाजूचं चाक बघायचं आणि चालकाला आरशात दिसेल अशा जागी, गाडीच्या रेषेबाहेर उभं राहायचं.

ताफ्याने जाणारे चालक समोरच्याला बोटं दाखवतात. तीन बोटं म्हणजे माझ्यामागे अजून तीन गाड्या. शेवटची गाडी मूठ दाखवते. हे ध्यानात असलं की बेसावध पुढे घुसणं टळतं.

अ‍ॅनिमस फोर्क्समध्ये काय बघायचं?

११,२०० फुटांवरचं हे गाव १८७३ च्या सुमारास वसलं. १८८३ पर्यंत साडेचारशे माणसं इथे राहत होती. १८८४ मध्ये तेवीस दिवस चाललेल्या हिमवादळात पंचवीस फूट बर्फ साचला आणि लोकांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणले, असं सांगतात. १९०४ मध्ये रस्ते आणि रेल्वे बांधणाऱ्या ओटो मिअर्सची रेल्वे इथवर पोचली, त्याच वर्षी गोल्ड प्रिन्स मिल (खनिज दळून धातू वेगळा काढणारा कारखाना) उभी राहिली. १९१७ मध्ये मिलचे बरेच भाग उतरवून युरेकाला नेले गेले, आणि १९२० च्या दशकात गाव ओस पडलं.

सगळे फोटो काढतात ते डंकन हाऊसचे, १८७९ चं दोनमजली घर. त्याच्या पुढे आलेल्या तीन बाजूंच्या खिडकीसमोर उभे राहा. वर्षातले सात-आठ महिने बर्फात गाडलेल्या जागी कुणीतरी सुताराकडून शहरी घराला शोभेल अशी खिडकी करून घेतली. आत जाता येतं, जमिनीच्या फळ्या नव्याने मजबूत केल्या आहेत. भिंतीचं लाकूड हाताने चाचपून बघा. ऊन-बर्फाने रेषांमधला मऊ भाग झिजून गेलाय आणि कठीण शिरा तारेसारख्या वर आल्या आहेत. नाव कोरू नका. आधीच पुष्कळ कोरली गेली आहेत.

खालच्या युरेकात डोंगरउतारावर पायऱ्यांसारखे काँक्रीटचे प्रचंड चौथरे दिसतात. ती सनीसाइड मिल. मिल नेहमी उतारावरच बांधत, खनिज वरून टाकायचं आणि दळत, धुवत ते स्वतःच्या वजनाने खाली यायचं. चौथऱ्यांची ती उतरंड हीच सगळी प्रक्रिया.

डोंगरावर पिवळ्या-करड्या दगडांचे ढीग दिसतात ते काय?

ढीग वरच्या उतारावर, एखाद्या भोकाच्या तोंडाशी पंख्यासारखा पसरला असेल तर तो बोगदा खणताना निघालेला निरुपयोगी दगड, म्हणजे राडारोडा. खाली नदीकाठी सपाट, बारीक वाळूसारखा थर असेल तर तो मिलमध्ये दळून धातू काढून घेतल्यावर उरलेला गाळ. ढीग दिसला की त्याच्या वरच्या टोकाला खाणीचं तोंड शोधा, बहुधा सापडतंच. दरी ओलांडून जाणारे लाकडी मनोरे हवेतल्या रोपवेचे. त्यावरून खनिजाच्या बादल्या खाली येत आणि वर जाताना माणसंही बसत.

हे सगळं यंत्रांसकट बघायचं असेल तर सिल्व्हर्टनजवळची मेफ्लॉवर मिल बघा. १९२९ ला बांधलेली ही मिल, मधले काही खंड सोडले तर, १९९१ पर्यंत चालली. रस्ता समजायला हा एक तास दहा मैल गाडी चालवण्यापेक्षा मोलाचा आहे.

गावं ओस का पडली?

एक कारण चांदी. या डोंगरांतल्या बहुतेक खाणी चांदी आणि शिशाच्या. १८९० च्या शर्मन कायद्याने अमेरिकी सरकार दरमहा ठरावीक चांदी विकत घेत असे. १८९३ मध्ये तो कायदा रद्द झाला, भाव कोसळला आणि एकट्या चांदीवर जगणारी गावं काही महिन्यांत रिकामी झाली. ज्यांच्याकडे सोनं होतं ती तगली. यूरेला १८९६ मध्ये थॉमस वॉल्शने कॅम्प बर्ड खाणीत सोनं ओळखलं, ते ज्या जागी इतर लोक चांदी-शिसं शोधून निघून गेले होते तिथेच.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास अर्धा राहतो. हा प्रदेश उट या मूळनिवासी लोकांचा. १८७३ च्या ब्रुनो कराराने त्यांच्याकडून सुमारे ३७ लाख एकर जमीन गेली आणि लगेच गावं उभी राहिली. यूरे हे गावाचं नाव त्यांच्याच प्रमुखाचं आहे.

ओढ्याचं पाणी नारिंगी का? पिता येतं का?

नाही, कुठल्याही ओढ्याचं नाही. खडकातल्या पायराइटला (लोखंड आणि गंधकाचं खनिज) पाणी आणि हवा लागली की गंधकाम्ल तयार होतं. ते खडकातलं लोखंड, जस्त, कॅडमियम विरघळवून आणतं, आणि लोखंड बाहेर येऊन गंजाच्या रंगाने दगडांवर बसतं. काही डोंगर मुळातच असे लाल आहेत, खाणींनी ते कैकपटीने वाढवलं. पाणी उकळून किंवा ट्रेकिंगच्या फिल्टरने जंतू जातात, विरघळलेले धातू जात नाहीत. स्फटिकासारखं स्वच्छ दिसणारं, शेवाळही नसलेलं पाणी जास्त संशयास्पद समजा. माणशी तीन-चार लिटर पाणी गावातूनच भरून घ्या.

५ ऑगस्ट २०१५ ला ग्लॅडस्टोनच्या वरच्या गोल्ड किंग खाणीतून साफसफाईच्या कामादरम्यान सुमारे ३० लाख गॅलन असं पाणी फुटून बाहेर आलं आणि अ‍ॅनिमस नदी मैलोन्‌मैल पिवळी झाली. पुढच्या वर्षी हा परिसर केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीत (साफ करायच्या घातक प्रदूषित जागांच्या यादीत) आला. काम अजून चालू आहे, त्यामुळे ट्रक आणि बंद केलेले फाटे दिसले तर पाट्या पाळा.

जुन्या बोगद्यात डोकावलं तर चालेल का?

चालणार नाही, दहा पावलंसुद्धा नाही. लाकडी टेकू शंभर वर्षांत कुजले आहेत. आतली हवा प्राणवायू नसलेली असू शकते, तिला वास नसतो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. जमिनीवरच्या फळ्यांखाली शेकडो फूट खोल विहिरीसारखी खाण असू शकते. पाणी आणि खडक किती बेभरवशाचे, याचं उदाहरण इथलंच आहे: ४ जून १९७८ ला एमा नावाचं अख्खं तळं सनीसाइड खाणीत कोसळलं आणि बोगद्यांतून वाहत बाहेर पडलं. रविवार असल्याने आत कुणी नव्हतं. खाण आतून बघायचीच असेल तर सिल्व्हर्टनजवळची ओल्ड हंड्रेड पर्यटकांना छोट्या रेल्वेने आत नेते. जुलैतही जॅकेट लागतं.

गंजलेला डबा, खिळा, बाटली उचलून आणली तर?

आहे तिथेच ठेवा. सार्वजनिक जमिनीवरच्या जुन्या वस्तू कायद्याने संरक्षित आहेत, आणि आजूबाजूला बऱ्याच खाजगी खाणजमिनीही आहेत. पण कायद्याच्या आधी समजून घ्या की तो डबा काय सांगतो. झाकणाच्या मध्यावर डाखाचा छोटा गोल ठिपका असेल तर डबा भरून मग भोक बुजवलेलं आहे, म्हणजे बहुधा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा किंवा त्याआधीचा. डाख नसलेले, कडा दुमडलेले डबे १९०४ नंतर पसरले. असा एक डबा जागेवर असला की त्या झोपडीत माणसं कधी राहत होती ते कळतं. घरच्या फडताळात गेला की तो नुसता गंज.

उंचीचा त्रास कितपत होतो?

सिल्व्हर्टन ९,३१८ फुटांवर, लेक सिटी ८,६६० फुटांच्या आसपास, यूरे ७,७९२ फुटांवर. समुद्रसपाटीवरून आलात तर आधी किमान एक रात्र यांपैकी एका गावात काढा. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६२-६३ टक्केच असतो. डोकेदुखी, मळमळ, चिडचिड ही पहिली लक्षणं. गोळी घेऊन वरच थांबू नका, दोन-तीन हजार फूट उतरा. चालकाला त्रास होत असेल तर दुसऱ्याने गाडी घ्यावी, म्हणून दोघांना तरी ती चालवता यायला हवी. दारू आदल्या रात्रीही टाळा.

मिलियन डॉलर हायवे याच वळशात येतो का?

मिलियन डॉलर हायवे म्हणजे सिल्व्हर्टन ते यूरे हा यूएस ५५० महामार्गाचा सुमारे २५ मैलांचा भाग, पूर्ण डांबरी. रेड माउंटन पास ११,०१८ फुटांवर. ओटो मिअर्सने १८८३ मध्ये यूरेकडून कडा फोडून टोलरस्ता काढला, आजचा रस्ता बराचसा त्याच रेषेवर आहे. यूरेजवळच्या कड्यावर कठडे नाहीत, हिवाळ्यात बर्फ ढकलायला दरीची कड मोकळी लागते. उंचीची भीती वाटत असेल तर सिल्व्हर्टनहून यूरेकडे जा. त्या दिशेला तुमची लेन डोंगराला लागून असते, उलट दिशेला चाकाशेजारी दरी. वाटेत यांकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा रस्त्यावरूनच दिसतो. हिमस्खलनात गेलेल्या बर्फ काढणाऱ्या कामगारांचं स्मारकही याच टप्प्यात आहे, तिथे मिनिटभर थांबा.

पेट्रोल, फोन, मदत?

पेट्रोल फक्त तिन्ही गावांत. टाकी भरूनच निघा, ४एल मध्ये गाडी नेहमीपेक्षा बरंच जास्त पिते. फोनला रेंज नाही असं धरून चाला. नकाशा आधी उतरवून घ्या आणि कागदी नकाशाही ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर उत्तम. कुठून कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत पोचणार, हे मागे राहिलेल्या एकाला लिहून द्या. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. उन्हाळ्यात या रस्त्यावर तासाभरात कुणीतरी येतंच, आणि इथे थांबून विचारल्याशिवाय सहसा कुणी पुढे जात नाही.

रस्त्याच्या कडेला गवतावर गाडी लावली तर काय बिघडतं?

झाडरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीच्या) वर ते गवत नाही, दोन-तीन इंच उंचीची डोंगरी झुडपं आहेत. वर्षातून जेमतेम दोन महिने ती वाढतात. एका चाकाची चाकोरी बुजायला कित्येक दशकं जातात आणि तोवर तिच्यातून पाणी वाहून माती निघून जाते. रेडक्लाउड शिखराच्या परिसरात अनकम्पाग्रे फ्रिटिलरी नावाचं दुर्मीळ फुलपाखरू राहतं, त्याच्या अळ्या बर्फाळ भागातल्या खुज्या विलोवर जगतात. फोटोसाठी थांबायचं तर खडीवर, आधीच रुंद असलेल्या जागी थांबा आणि पुढे चालत जा. अमेरिकन बेसिनमध्ये तर पायवाट सोडून फुलांत पाऊलही टाकू नका.